पहिली फेरी लक्ष्मीची

सायकल विकणाऱ्या बाईला सायकल चालवता येत नाही, हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा. त्याच हसण्याच्या भीतीपायी मी इतकी वर्षं दुकानाच्या पायरीवर जपून उभी राहिले. चिखलीहून तळवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं सायकलचं दुकान आहे. पुढे गल्ल्यावर मी आणि मागच्या शेडमध्ये फिटिंगला आमचे हे. यंदा माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि घरी बसले. बसते न बसते तोच दिवाळी अंकवाल्या ताईंचा फोन आला, "काकू, पुरुषांच्या धंद्यात टिकलात, चार अनुभव लिहा की आमच्यासाठी." मी ऐटीत हो म्हटलं. कागद पुढ्यात घेतला आणि डोळ्यांपुढे आली ती झेंडूच्या ढिगात पडलेली एक बाई. काही केल्या ती तिथून हलेना, म्हणून तिचंच लिहिते. आधी थोडं दुकानाचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

आमचे हे एका कंपनीत मेंटेनन्सला होते. कंपनीनं बिऱ्हाड हलवलं आणि हे घरी आले. घर चिखलीतलं जुनं, रस्त्याला लागून जागा, आणि यांच्या हातात कला. नोकरीआधी पोरवयात यांनी सायकली दुरुस्त केलेल्या. म्हणून दुकान टाकलं. पण ह्या माणसाला बोलायचं वावडं. गिऱ्हाइकानं काही विचारलं की उत्तर एकतर "व्हय" नाहीतर "न्हाई". अशानं सायकल काय, फुकटचं पंचांगसुद्धा खपत नाही. मी चाकणकडची, दहावी झालेली, आणि जिभेला हाड नसलेली. सासूबाईच म्हणाल्या, "हिला बसवा गल्ल्याव, घरात नुसती वटवट करती." अशी मी धंद्यात आले.

दुकान टाकलं त्याच महिन्यात यांनी मला सायकल शिकवायचा घाट घातला होता. दुपारची वेळ, मागचं मोकळं रान, मी साडीचा काष्टा खोचलेला. हे मागून सीट धरून पळत होते. तेवढ्यात कुंपणावर यांचे चुलतभाऊ येऊन बसले. "वहिनी, ब्रेक! वहिनी, पुढं बघा, बैल हाय!" बैल कुठला, खुंटा होता. मी त्या खुंट्यावरच गेले. साडी गुडघ्यापर्यंत फाटली, आणि मान वर करून बघते तर सगळे पोट धरून हसतायत, त्यांत हेही. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. पण पुढे आठवडाभर जो घरी येईल त्याला सांगायच्या, "ही आमची सायकलपटू सून." मी त्या दिवसानंतर सायकलच्या सीटला अंग लावलं नाही. यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

मग मी सायकली विकल्या कशा? कानानं. गिऱ्हाईक परत येऊन तक्रार करायचं ती ऐकायची, मागे शेडमध्ये हे पुटपुटायचे ते ऐकायचं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच ठसक्यात सांगायचं. सायकलबद्दल मला जे कळतं ते सगळं ऐकीव आहे, पण खोटं नाही. घरच्यांनी मिळून संध्याकाळी फिरायला स्वस्तातली सायकल कुठली घ्यावी, हे मला रोज कुणी ना कुणी विचारायचं. उत्तर सोपं आहे, लोकांना ते आवडत नाही एवढंच. गिअर नको. तुम्ही स्पाइन रोडच्या कडेनं नाहीतर इंद्रायणीच्या बाजूनं देहूपर्यंत जाणार, घाट थोडाच चढणार आहात? स्वस्तातला गिअर लवकर खरखरायला लागतो, आणि मग सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येते. शॉकर नकोत. स्वस्त शॉकर म्हणजे नुसतं वजन, खड्ड्यात बसायचा तो दणका बसतोच. मडगार्ड पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रांगोळी. बिल्डिंगला लिफ्ट नसेल तर दुकानातच एका हातानं उचलून बघा. दांडा दोन पायांमध्ये घेऊन उभं राहा, टोचला तर ती सायकल तुमची नाही. आणि पोरांना वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. आपण गणवेश घेतो तशी सायकल घेतो. पोरगं बिचारं टांगलेलं चालवतं, आणि त्याच्या मापाची होते तोवर चेन गंजून गेलेली असते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. सायकल दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पॅडल, ब्रेक हे दुकानातच बसवतात. म्हणजे नाव कुठल्याही कंपनीचं असू द्या, ती धड चालणार की नाही हे मागच्या शेडमधल्या माणसावर. आमचे हे एकेका ब्रेकला इतका वेळ लावायचे की गिऱ्हाईक चहा पिऊन, पेपर वाचून वर माझ्याशी भांडायला मोकळं व्हायचं. पण आमच्या दुकानची सायकल ब्रेक लागला नाही म्हणून कुणाला धडकली, असं कधी ऐकलं नाही. याचा मला अभिमान आहे. एवढा एकच आहे, तो तरी सांगू द्या.

गिऱ्हाइकांचे नमुने तर काय सांगावेत! तळवड्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतले एक साहेब आले. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून तयार झालेले. एकवीस गिअरचीच सायकल पाहिजे म्हणाले. मी विचारलं, "साहेब, जाणार कुठं?"

"सोसायटीच्या गेटपासून गार्डनपर्यंत. मिसेस आणि मुलगा असतील बरोबर."

"मग एक गिअर पुरे. उरलेले वीस काय गार्डनमध्ये बाकावर बसवणार?"

माणूस दिलदार. मोठ्यानं हसला, बिनगिअरच्या तीन साध्या सायकली घेतल्या. जाता जाता म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः कोणती चालवता?" मी पापणीही न हलवता सांगितलं, "माझी जुनीच आहे, घरी असते." मागे शेडमध्ये यांच्या हातातला पाना खाली पडल्याचा आवाज आला.

महाळुंग्याचे एक आप्पा आले होते, ते तर विसरणं शक्य नाही. दारात ही मोठी गाडी, हातात कडं, बोटांत अंगठ्या. जमिनी कंपन्यांना गेलेल्या. म्हणाले, "सगळ्यात सस्ती, काळी, दणकट सायकल द्या."

"कुणासाठी, आप्पा?"

"माझ्यासाठीच की. डॉक्टर म्हणतोय, सायकल चालवा न्हाईतर शुगर खाईल तुम्हाला." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला, "पर गाडीत मागं टाका आन वरून पोतं घाला. लोकं म्हणतील, आप्पाचं पैसं संपलं, गडी सायकलीव आला."

"अहो आप्पा, सायकलीची कसली लाज?"

"तुम्हाला न्हाई कळायचं, बाई. तुमी सायकलवाल्या."

मी पोतं शोधायला आत गेले. सायकलीची लाज मला कळणार नाही म्हणे! त्या लाजेवर तर मी घर चालवत होते.

आता मुद्द्यावर येते. आमच्या भागात खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होते आणि दसऱ्याला गाड्यांची. बोनस हातात आलेला असतो, त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी दुकानापुढे नव्या सायकलींची रांग. हँडलला हार, चाकाखाली लिंबू, कुंकवाची बोटं, नारळ. शेजारीच झेंडूवाली बसते, तिच्या फुलांचा ढीग रस्त्यापर्यंत आलेला असतो. दुकानाच्या पहिल्या-दुसऱ्या दसऱ्यालाच एका गिऱ्हाइकानं सायकल माझ्यापुढे उभी केली. "काकू, तुमचा हातगुण चांगला. पहिली फेरी तुम्हीच मारा."

सगळे माझ्याकडे बघतायत. आणि तोंडातून निघून गेलं, "छे छे! दुकानदारानं नाही मारायची. आमच्याकडे पद्धत आहे, पहिली फेरी घरच्या लक्ष्मीची."

काय टाळ्या पडल्या! त्या माणसाची बायको लाजत लाजत बसली, तिला येत होती, तिनं झोकात फेरी मारली. मी सुटले. पुढच्या दसऱ्याला लोक स्वतःहूनच म्हणायला लागले, "चला, लक्ष्मीची फेरी!" मग ती पद्धत मोशीला गेली, तळेगावला गेली. एकदा तळेगावचा एक दुकानदार माल बघायला आला होता. तो मलाच समजावून सांगत होता, "काकू, आमच्याकडे पूर्वापार आहे हे, लक्ष्मीची पहिली फेरी." मी म्हटलं, "हो का? बरं बाई." आपली थाप आपल्यालाच कुणी शास्त्र म्हणून शिकवावी आणि आपण मान डोलवावी, यापरती शोभा नाही.

ज्या बायकांना येत नसे त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. सुरुवातीला मी म्हणायचे, "नुसतं बसलं तरी चालतं गं, हात लावला तरी चालतो." तेव्हा चालायचं. मग प्रत्येकाच्या हातात कॅमेऱ्याचा मोबाइल आला. नुसतं बसलेलं व्हिडिओत चांगलं दिसत नाही.

अनिता पहिल्यांदा आली ती एकटी. लातूरकडची, महाळुंग्याच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कामाला. कंपनीच्या बसमधून आमच्या कोपऱ्यावर उतरायची. गळ्यात अजून आयकार्ड तसंच. दुकानात दुसरं कुणी नाही बघून आत आली आणि हळूच म्हणाली, "काकू, सायकल येत नाई त्या माणसाला कोणती बरी पडंल ओ?"

"कुणासाठी पाहिजे?"

"माझ्या जावेला. गावाकडून यायलीय."

मी बुटकी, बिनदांड्याची सायकल दाखवली. तिनं हँडल धरलं. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट चांगली कळते. न येणारी बाई हँडल धरते तेव्हा दोन्ही ब्रेक गच्च आवळून धरते. मी ओळखलं, जाऊबिऊ कुणी नाही. मग ती हळूहळू बोलायला लागली. तिच्या नवऱ्याला गुरुवारची सुट्टी. पोरीची शाळा सुटली की संध्याकाळी तिघांनी मिळून सायकलीवर इंद्रायणीपर्यंत जायचं, असं पोरीनं ठरवलं होतं. पोरगी तिसरीत, नाव तनू. आणि अनितानं पोरीला सांगून ठेवलं होतं की मी लहानपणी शाळेत सायकलवर जायचे. का सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "पोरगी सगळं बापालाच विचारती ओ. बाबाला हे येतं, बाबाला ते येतं. म्हणलं, मला पण कायतरी येतं म्हणावं." बोलता बोलता ती जाऊ विसरून गेली होती आणि मी तिला तसं दाखवलं नाही.

दसऱ्याला ती तिघं आली. नवरा बालाजी, हसरा, मोकळा माणूस. तीन साध्या सायकली, त्यात ती बुटकी. पूजा झाली, नारळ फुटला. बालाजीनं मोबाइल वर धरला आणि ओरडला, "चला लक्ष्मीबाई, बसा! आमच्या मॅडम शाळेत सायकलवर जायच्या म्हणं!"

तनू टाळ्या वाजवत होती. अनितानं हँडल धरलं, ब्रेक गच्च आवळलेले, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. पद्धत माझ्या दुकानची होती. मी एक शब्द बोलले असते, "राहू दे गं, आज नको," तर कुणी काही म्हटलं नसतं. पण पाच मिनिटांपूर्वीच कुणीतरी चेष्टेत म्हणालं होतं, "एकदा काकूंचीच फेरी बघायचीय." मी तोंड उघडलं तर सायकल माझ्यापुढे येईल, एवढंच माझ्या डोक्यात. मी खाली वाकले आणि कुंकू लावून झालेल्या दुसऱ्या एका हँडलला परत कुंकू लावायला लागले.

रस्त्याला तिथे उतार आहे. अनिता बसली, पाय उचलला, आणि सायकल तिला घेऊन सरळ झेंडूच्या ढिगात गेली. झेंडूवालीनं शिव्या घातल्या. लोक हसले. बालाजी हसता हसता व्हिडिओ काढत राहिला, वाईट मनानं नाही, पण काढत राहिला. तनू हसली नाही. ती म्हणाली, "आई, तू तर म्हणालीस तुला येते."

आणि मी? मी हसले. सगळे हसतायत तर आपण वेगळं दिसू नये म्हणून मी पण हसले, चांगली मोठ्यानं. हे लिहिताना माझे कान तापलेत.

त्यानंतर गुरुवारी संध्याकाळी दुकानासमोरून दोन सायकली जायच्या, बालाजी आणि तनू. तिसरी कधी दिसली नाही. एकदा मी विचारलं, "मॅडम कुठंयत?" बालाजी म्हणाला, "तिला आवड नाही ओ काकू त्याची." मला माहीत होतं आवडीचं काय आहे ते. बरं, अनिताही रोज कोपऱ्यावर बसमधून उतरायची. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी काय करायचे, बस आली की आत जाऊन ट्यूब मोजायला लागायचे.

पुढच्या दसऱ्याला थोडा अवकाश होता. भर दुपारी अनिता सायकल हातानं ढकलत आली. पायरीशी उभी करून म्हणाली, "ही परत घ्या काकू. जे द्यायचं ते द्या."

मी वाकून टायर बघितला. नव्या टायरवर रबराचे बारीक बारीक केस असतात. चार फेऱ्या झाल्या की मधले केस झिजून जातात. या टायरचे सगळे केस जागेवर होते. वर्षभरात ही सायकल चाळीतल्या जिन्याखालून हललीच नव्हती.

आणि आमची दुकानदारणीची जीभ! ती गप्प बसेल तर शपथ. "अगं, चालवायला काय लागतं? पुढं बघायचं, तोल सांभाळायचा, झालं. पोरंटोरं शिकतात."

ती म्हणाली, "तर मग तुम्ही दाखवा काकू. एकदा बसून दाखवा. पाय कधी उचलायचा, बघायचं कुठं. सगळे नुसतं बस बस म्हणतात, दाखवत कुणीच नाई. आता कुणी नाई इथं, दाखवा की ओ."

मी म्हटलं, गुडघा दुखतोय. ती म्हणाली, मी धरते ना. मी म्हटलं, साडी अडकेल. ती म्हणाली, पिन लावून देते. आणि खरंच केसातली पिन काढून माझा पदर खोचायला पुढे आली. सायकल माझ्या हातात दिली. मी हँडल धरलं. अनिताची नजर माझ्या बोटांवर गेली. दोन्ही ब्रेक गच्च आवळलेले.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला येत नाई."

मी मान हलवली. मला वाटलं, हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. ती भडकली. "तर त्या दिशी बोलला का नाई? तुम्ही नुसतं म्हणला असता ना, मला पण येत नाई, तर मी पण म्हणले असते. दुसरं काय लागत होतं ओ? वर्ष झालं, पोरगी बापासंगं जायलीय आणि मी दारात थांबून टाटा करायलेय. कायबी सांगितलं तर बाबाला विचारते म्हणती. मी खोटारडी झाले तिच्यासाठी. आणि तुम्ही हसलात. मी बघितलं, तुम्ही हसलात."

मी ब्रेकवरची बोटं सैल केली.

मागून आमचे हे आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. माझ्या हातातून सायकल घेतली, आडवी केली आणि पाना लावला. उजवं पॅडल काढलं, मग डावं. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते उलटं फिरवावं लागतं. सीट पार खाली घेतली. "पॅडल नसलं म्हंजी पाय जमिनीवच ऱ्हात्यात," ते म्हणाले. "बसायचं आन पायानं ढकलीत जायाचं. तोल आपसूक येतो. मग पॅडल लावायचं." इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला बी तवा असंच शिकवाया पायजे व्हतं. मीच दात काढीत बसलो."

अनिता म्हणाली, "मी एकटी नाई शिकणार. आधी ह्यांना बसवा."

तर अशा आम्ही दोघी शिकायला बसलो. शेडच्या मागे, शेवग्याच्या झाडापासून पत्र्याच्या फाटकापर्यंत. तिची शिफ्ट सुटली की ती घरी जायच्या आधी यायची. पहिले काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि मीही तिला बोलतं करायला धजले नाही. तिचा पाय जमिनीवरून लवकर सुटला. एक दिवस यांनी पॅडल लावलं आणि ती फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली. उतरून माझ्या गळ्यात पडली आणि रडली. मी मात्र पॅडलबिगर शेवग्यापासून फाटकापर्यंत घसटत जाण्यापुरतीच. पॅडल लावलं की शेवग्यावरच.

दसऱ्याआधीच्या गुरुवारी संध्याकाळी दुकानासमोरून तीन सायकली गेल्या. अनितानं हात केला नाही, कारण हात सोडायला तिला अजून येत नव्हतं. नुसतं ओरडली, "काकूऽऽ!" तनू पुढे होती. तिची सायकल आता तिला लहान व्हायला लागली होती, गुडघे हँडलला लागत होते. ते एक वर्ष मी त्या दोघींचं खाल्लं, आणि ते परत द्यायला माझ्या दुकानात काही नव्हतं.

मग दसरा आला. हार, लिंबू, नारळ, झेंडू, सगळं तेच. मोशीचं एक कुटुंब होतं, घरात नवी सून. तिच्या सासूबाई पुढे, भरजरी नेसलेल्या. "आमच्या लक्ष्मीची फेरी! काढ रे व्हिडिओ." त्या पोरीनं हँडल धरलं. मी पायरीवरून बघितलं, दोन्ही ब्रेक आवळलेले.

मी ओरडले, "थांबा! पद्धतबिद्धत काही नाही. मला सायकल येत नाही, म्हणून मीच ती थाप मारली होती. उतर गं पोरी."

सगळे खो खो हसले. "काकू, सणासुदीला काय चेष्टा लावलीय!" सासूबाई म्हणाल्या, "आवो, पद्धत म्हंजी पद्धत, आमच्या माहेरात बी हाय ती." एकजण म्हणाला, "येत नाही म्हणता? मग मारा फेरी, बघू द्या आम्हाला." इतकी वर्षं ज्या वाक्यापासून पळत होते ते शेवटी आलंच.

मी पायऱ्या उतरले. त्या पोरीच्या हातातून सायकल घेतली. पदर खोचला आणि बसले. पायानं ढकलत चार पावलं गेले, पॅडलवर पाय ठेवला, आणि उतारानं मला नेलं. झेंडूवाली आधीच उठून बाजूला झाली होती. फुलांच्या ढिगात मी अशी काही आपटले की गुडघ्यातली कळ डोळ्यांपर्यंत गेली. हसणं उसळलं, मोबाइल वर झाले. मग हळूहळू हसणं ओसरलं, आणि कुणीतरी म्हणालं, "खरंच येत नाही की हो काकूंना!"

लाज वाटली का? इतकी की जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आपल्या सायकली पुजायला आलेली अनिता गर्दीतून मला उचलायला धावली. तिच्याआधी ती मोशीची सून माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. सासूबाई मागे उभ्या, मोबाइल अजून चालूच. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, मला पण येत नाही. न येणाऱ्याला कोणती बरी?"

हाच प्रश्न अनितानं जावेचं नाव पुढे करून विचारला होता. माझ्या दुकानात तो उघड कुणी विचारलाच नव्हता, आणि विचारणार तरी कसा, मी तिथे लक्ष्मीची फेरी मांडून बसलेली. अंगावरची फुलंही झटकली नाहीत. तिथेच, बसल्या जागी तिला सांगितलं, "जिच्यावर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात ती घे. आणि आज चालवू नकोस, हातात धरून घरी ने."